जुना ॲम्प्लिफायर दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

बाबांचा सॅन्सुई एयू-७१७ ॲम्प्लिफायर आमच्या घरात १९८१ पासून आहे. मुंबईत जहाजावरच्या एका इंजिनिअरकडून बाबांनी तो जुनाच घेतला होता. रात्रीच्या गाडीने, चादरीत गुंडाळून, सीटखाली ठेवून त्यांनी तो सोलापूरला आणला. चोरीला जाऊ नये म्हणून रात्रभर पाय त्याच्यावर टेकवून बसले होते, असं आई अजून सांगते. सतरा-अठरा किलोचं धूड, काळं पॅनल, एका चॅनेलला ८५ वॅट. बाबा गेले त्याला सात वर्षं झाली. रविवारी सकाळी मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड लावायची त्यांची सवय मी मोडू दिली नव्हती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये उजव्या बाजूचा आवाज मधूनमधून जायला लागला. टेप मॉनिटरचा खटका किंवा व्हॉल्यूमचं बटण जरा हलवलं की परत यायचा. हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं दुखणं एवढंच होतं आणि त्यावरचा उपाय काही शे रुपयांचा होता, हे मला कळलं काही महिन्यांनी.

ओळखीतल्या एकाने शहरातलं एक दुकान सुचवलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार सुरू आहे. दुकान चकचकीत, भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांची पोस्टरं, मालक बोलायला अतिशय गोड. सेट काउंटरवर ठेवला तेव्हा त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. नुसता बघून म्हणाला, "सर, सॅन्सुई म्हणजे टीव्हीवाली कंपनी. ह्याला आता कोण विचारतंय? तरी तुमचा जीव आहे ह्याच्यात, तर बघतो की." मला तेव्हाच उठायला हवं होतं. आपल्याकडे सॅन्सुई हे नाव नंतर व्हिडिओकॉनमुळे टीव्हीवर आलं, ते वेगळं. मूळ जपानी सॅन्सुई ही आधी ट्रान्सफॉर्मर बनवणारी कंपनी, आणि सत्तरच्या दशकातले तिचे ॲम्प्लिफायर आजही जगभर जपले जातात. ज्याला एवढंही माहीत नाही त्याच्या हातात असला सेट द्यायचा नसतो. आता मला वाटतं, त्याला ते चांगलं माहीत होतं.

उघडून बघायचे ५०० रुपये त्याने घेतले. आठ दिवसांनी फोन आला. "आउटपुट सेक्शन गेलाय, मोठे कपॅसिटर फुगलेत, सगळं बदलावं लागंल. साडेचौदा हजार." मी विचारलं, नवीन घेतलेलं बरं का? तर म्हणाला, "आत्ता दुरुस्त करा सर, बाबांची आठवण आहे." मी हो म्हटलं. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलाला जीएसटी लागतो, कशाला वाढवता?" एका चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली, खाली सही नाही. पैसे मोबाइलवरून पाठवले, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर गेले. त्याचा मेहुणा, असं नंतर कळलं.

२६ दिवसांनी सेट घरी आला. वाजला. आवाज मला थोडा कोरडा वाटला, पण नवीन पार्टला सरावायला वेळ लागतो असं त्याने सांगितलं होतं. अकराव्या दिवशी, मे महिन्यातली दुपार, बाहेर त्रेचाळीस अंश. उजव्या स्पीकरमधून एक जाड घुमल्यासारखा आवाज आला, मग जळका वास, मग काहीच नाही. मी स्वयंपाकघरातून धावत येऊन प्लग काढेपर्यंत वूफरची, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरची, कॉइल जळून गेली होती.

दुकानात गेलो तर त्याचा सूर पूर्ण बदललेला. "मी बोललो नव्हतो का सर? चाळीस-पंचेचाळीस वर्षांची वस्तू. आता ह्यात पैसा घालणं म्हणजे पाण्यात घालणं." मग लगेच पुढचं: जुना सेट भंगार म्हणून चार हजारांना तो ठेवून घेणार आणि ३८ हजारांचा नवीन होम थिएटर रिसीव्हर मला देणार. मी खचलो होतो. पाच हजार ॲडव्हान्स देऊनसुद्धा आलो. सेट उद्या आणून देतो म्हणालो.

रात्री आई म्हणाली, "द्यायचं तर दे. पण बाबांची वस्तू आहे, एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखव. डॉक्टरनं पाय कापा म्हटलं तर आपण दुसऱ्या डॉक्टरला विचारतोच ना?"

अशोक चौकाच्या बाजूला एक अण्णा राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. रेडिओ, टेपरेकॉर्डर हौसेने दुरुस्त करतात. त्यांच्याकडे सेट नेला. त्यांनी आधी प्लग लावलाच नाही. एका लाकडी फळीवर होल्डर आणि त्यात १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब, म्हणजे आपला सीरिज लॅम्प. सेट त्या बल्बमधून चालू करायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब मंद झालाच नाही. अण्णा म्हणाले, "तुमच्या त्या माणसानं हे केलं असतं तर काही जळालं नसतं. आणि हा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही हो, जपून ठेवलाय."

मग झाकण काढलं. पुढचा तासभर मी जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते वाचूनच एखादा फसण्यापासून वाचेल.

पहिलं म्हणजे रिले. असल्या सेटमध्ये स्पीकरच्या आधी एक संरक्षक रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालणारा खटका, असतो. आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचं, व्होल्टेज आलं की तो सुटतो आणि स्पीकर वाचतो. चालू करताना दोन-तीन सेकंदांनी जी 'टक्' ऐकू येते, ती त्याचीच. अण्णांनी बोर्ड उलटा करून भिंग माझ्या हातात दिलं. रिलेच्या दोन पायांवर निळ्या वायरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा डाग देऊन जोडलेला होता. म्हणजे रिले सुटला काय नि न सुटला काय, स्पीकर कायमचा जोडलेला. डाग मळकट, गोळ्यासारखा, भोवती फ्लक्सचा चिकट पिवळा डबका. बाकीच्या बोर्डावरचे जपानी डाग अजून चमकत होते. दुरुस्तीनंतर रिले सारखा सुटत असणार, म्हणजे सेट स्वतः ओरडून सांगत होता की बिघाड आहे. त्याने त्याचं तोंड बांधलं. अकरा दिवस मला ती 'टक्' ऐकू आली नव्हती आणि मी लक्ष दिलं नव्हतं. माझ्या वूफरवर चाळीसहून जास्त व्होल्ट डीसी सरळ गेलं. धड सेटमध्ये तिथं काही मिलिव्होल्ट असतात.

दुसरं, आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला जोर पुरवणारे पार्ट. अण्णांनी मुलीकडून नेलपॉलिश काढायचं द्रावण मागवलं, कापसाला लावून ट्रान्झिस्टरच्या तोंडावर फिरवलं. नंबर कापसावर आला. खाली पृष्ठभाग कानशीने घासल्यासारखा खरखरीत. दुसऱ्याच कुठल्या तरी स्वस्त ट्रान्झिस्टरवरचा नंबर घासून त्यावर महागाचा छापलेला. बाजारात असा माल भरपूर आहे. तोशिबाच्या गाजलेल्या सी-५२०० सारख्या ट्रान्झिस्टरच्या तर नकलाच जास्त सापडतात. बाहेरून सारखे, आत चिप एवढीशी. कमी आवाजात चालतात, जोर पडला की जातात.

तिसरं, कपॅसिटर, म्हणजे आत वीज साठवून ठेवणारा पार्ट. बाहेरून दणदणीत डबा, त्यावर लिहिलेलं १५,००० मायक्रोफॅरड. मीटरवर दोन हजारांच्या आसपास. अण्णांनी तो तळहातावर तोलला आणि म्हणाले, "वजनच नाही की ह्याला." हॅक्सॉने कापला. आत एक अंगठ्याएवढा लहान कपॅसिटर दोन तारांना लोंबकळत होता, बाकी डबा रिकामा. तो तुकडा मी काचेच्या बरणीत ठेवलाय.

२०१६ मध्ये धूळ साफ करायला झाकण उघडलं होतं तेव्हा मी मोबाइलवर आतले फोटो काढले होते. ते शोधून अण्णांना दाखवले. त्यांनी मोठे करून बघितले. जुने कपॅसिटर सपाट, कुठं फुगलेले नाहीत. मूळचे ट्रान्झिस्टर जागेवर. मूळचे पार्ट धडधाकट असताना काढले गेले, असं अण्णांचं ठाम मत. या सेटचे मूळ ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत, त्यामुळे त्यांना किंमत आहे. मी दुकानात जाऊन जुने पार्ट मागितले तर उत्तर मिळालं, "कचऱ्यात गेले."

आणि पहिला बिघाड? अण्णांनी टेप मॉनिटरच्या खटक्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले, वीस-पंचवीस वेळा खालीवर केला. आतला संपर्क काळा पडला होता. एवढंच.

आता दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं, या मुख्य प्रश्नाकडे येतो. मी चुकलो ते इथं. हा प्रश्न मी अशा माणसाला विचारला ज्याला दोन्ही उत्तरांत फायदा होता. दुरुस्ती म्हटलं तर पार्ट त्याचे, नवीन म्हटलं तर विक्री त्याची, वर माझा सेट भंगाराच्या भावात. चालू अवस्थेतल्या अशा सेटला जाणकार लोक चार हजारांच्या कितीतरी पट मोजतात.

अण्णांकडून जे शिकलो ते असं. ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर, उष्णता बाहेर टाकणारं हीटसिंक, सांगाडा या गोष्टी वयाने मरत नाहीत, आणि पैसा त्यांतच असतो. वयाने जातात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, रिले, खटके, बटणं. त्या काळच्या सॅन्सुईत आणखी एक रोग आहे: पार्ट हलू नयेत म्हणून लावलेला डिंक. तो वर्षानुवर्षं तापून तपकिरी होतो आणि पार्टचे पाय खातो. माझ्या सेटमध्ये तो होता, आणि साडेचौदा हजार घेणाऱ्याने त्याला हातही लावला नव्हता. ज्याला हा डिंक माहीत नाही त्याला हा सेट माहीत नाही, इतकं सरळ. कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेवर ठरतं. दहा अंश तापमान वाढलं की ते साधारण निम्मं होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात आम्ही धूळ बसू नये म्हणून सेटवर टॉवेल टाकायचो, त्याच्या हवेच्या जाळीवरच. अण्णा त्यावरून मला भरपूर बोलले.

सगळंच जुनं जपावं असं मात्र नाही. माझ्या चुलतभावाच्या सर्राउंड रिसीव्हरचा एचडीएमआय बोर्ड गेला. त्यातल्या चिप कंपनीच्याच, बाजारात सुट्या नाहीत. अण्णांनी पाच मिनिटांत सांगितलं, नवीन घे. सीडी प्लेअरची लेसर मिळत नसेल तर तेच. उलट जुन्या स्पीकरचा कडेचा फोम कुजून गळाला की दुकानदार वूफर गेला म्हणतात. तिथं फक्त फोम बदलायचा असतो, कोन आणि कॉइल धड असतात.

कुणी सेट द्यायला निघालाच असेल तर माझ्यासमोर झाकण उघडा म्हणा. आतले फोटो काढा, मोठ्या पार्टवर नेलपॉलिशचा ठिपका ठेवा. बिघाड नेमका कुठल्या पार्टचा आहे ते कागदावर लिहून घ्या. 'आउटपुट सेक्शन गेलाय' हे उत्तर नव्हे. काढलेला प्रत्येक पार्ट परत मिळेल हे आधी कबूल करून घ्या. नवीन पार्ट कुठून येणार ते विचारा. माऊसर, डिजी-की, एलिमेंट१४ या पार्ट विकणाऱ्या कंपन्यांकडून भारतात बिलासह खरा माल मागवता येतो. आणि जीएसटी वाचवायला बिल सोडू नका. माझी तक्रार आज लंगडी आहे ती त्याच कारणाने.

ॲडव्हान्सचे पाच हजार चार फेऱ्यांनंतर परत मिळाले. साडेचौदा हजारांचं नाव काढलं की, "वस्तू जुनी होती सर." आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. नंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. पुरावा म्हणून चिठ्ठी, मोबाइलवरच्या पैशांची नोंद, २०१६ चे फोटो आणि ती बरणी जोडली आहे.

अण्णांनी सेट उभा केला. पार्टचा खर्च नऊ हजारांच्या आत. मजुरी घ्यायला तयार नव्हते, शेवटी दोन हजार बळजबरीने दिले. काढलेला एक-एक पार्ट त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, वर पेनाने जागा लिहून माझ्या हातात दिला. उजवा वूफर पुण्याला कॉइल बदलायला गेलाय. तोवर रविवारी सकाळी डाव्या स्पीकरवरच ऐकतो. बाबांच्या जुन्या रेकॉर्डपैकी बऱ्याच मोनो आहेत, त्यांना एक स्पीकर पुरतो. चालू केल्यावर तीन सेकंदांनी रिलेची 'टक्' आली की मगच मी सुई खाली ठेवतो.