दुर्मीळ आजार धोरण 2021: सीएमटीच्या घरात हाती काय लागतं?

चपलेचा पुढचा, करंगळीकडचा काठ आधी झिजतो. मूल सपाट फरशीवर अडखळतं, पावलाची कमान उंच होत जाते, घोटा सारखा मुरगळतो. शार्को-मारी-टूथ, म्हणजे सीएमटी, हा नसांचा आनुवंशिक आजार वैद्यकाला 1886 पासून माहीत आहे आणि साधारण 2,500 माणसांत एकाला होतो. तरी आपल्याकडे आधी बी-12 ची इंजेक्शनं आणि कंबरेचा एमआरआय होतो. अशा घराला केंद्र सरकारचं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण कितपत उपयोगी पडतं, ते इथे पाहू.

चांगलं आधी. मार्च 2021 मध्ये धोरण आलं, मे 2022 मध्ये मदतीची मर्यादा 50 लाख रुपये झाली. मुंबईत केईएम हे त्याचं उत्कृष्टता केंद्र आहे. नोंदणी तिथे करायची, समिती कागद तपासते, पैसे रुग्णाच्या खात्यात न येता उपचारासाठी केंद्राकडे जातात. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे स्नायू कमजोर करत जाणारा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलांना हा खरा आधार आहे. त्यांच्या दृष्टीने पाचपैकी साडेतीन तारे.

सीएमटीला दीड. धोरणाचे तिन्ही गट उपचारावर बेतलेले आहेत: एकदाच करायचा, जन्मभराचा पण तुलनेने स्वस्त, आणि अतिशय महाग. सीएमटीवर मंजूर औषधच नाही, त्यामुळे तो कुठल्याच गटात बसत नाही. 50 लाखांतला एक रुपयाही या घरात येत नाही.

अर्धा तारा वाढवला तो निदानासाठी. जनुकतज्ज्ञ अशा केंद्रात भेटतात आणि तपासण्यांचा क्रम नीट लागतो. तो क्रम महत्त्वाचा आहे. आधी एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी. हाताच्या मीडियन नसेचा वेग सेकंदाला 38 मीटरच्या खाली आला, तर नसेचं आवरण बिघडलं आहे असं धरतात. मग एमएलपीए तपासणीने पीएमपी22 जनुकाची जादा प्रत शोधायची, कारण सर्वांत जास्त आढळणारा 1ए प्रकार त्यातूनच होतो. ती नसेल तरच एक्झोम, म्हणजे जवळपास सगळ्या जनुकांचे कामाचे भाग एकदम वाचणारी तपासणी. उलटं केलं तर हजारो रुपये जातात आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो, कारण जनुकाची आख्खी जादा प्रत एक्झोममधून निसटू शकते. घरात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्नं झाली असतील तर ते आधीच सांगा. आईवडील दोघांकडून दोष आल्यावरच होणारे प्रकार मग शोधावे लागतात.

सर्वांत मोठी उणीव संशोधनात आहे. व्हिटॅमिन सी देऊन 1ए प्रकारावर युरोप-अमेरिकेत चाचण्या झाल्या, 2011 आणि 2013 मध्ये त्यांचे निकाल आले. फायदा दिसला नाही. पण नुसती साखरगोळी घेणाऱ्यांचाही आजार दोन वर्षांत फारसा सरकला नाही, आणि मोजायची पट्टीच पुरेशी बारीक नाही हे उघड झालं. म्हणून अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशातून इनहेरिटेड न्यूरोपथीज कन्सॉर्शियम तेच रुग्ण वर्षानुवर्षं मोजत आलं आहे. हे कंटाळवाणं, खर्चिक काम कुठलीही औषध कंपनी आपल्या खिशातून उभं करणार नाही. ते सरकारनेच करायचं असतं. आपल्याकडे उपचारासाठी जितकी ठळक तरतूद आहे, तितकीच या मोजणीसाठीही हवी. औषध आलं की ‘उपचार आहे’ म्हणून गटात घेणार, आणि औषध यावं म्हणून लागणारी नोंद मात्र कोणी ठेवायची नाही, हे आम्हाला मान्य नाही.

तोवर पायाचं बघायचं. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत एएफओ, म्हणजे पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट, मापाने करून मिळतो. केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून साधनं मिळतात, पण दिव्यांगत्व 40 टक्के लागतं आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. सुरुवातीच्या रुग्णाची टक्केवारी तिथवर पोचत नाही, आणि स्प्लिंटचा उपयोग तर तेव्हाच सर्वांत जास्त. नवा स्प्लिंट पहिल्या दिवशी तासभरच घाला, आत सुती मोजा हवा. काढल्यावर वीस मिनिटांत लाल वळ गेला नाही तर स्प्लिंट त्या जागी दुरुस्त करून घ्यावा लागेल. पायाला जाणीव कमी असल्याने जखम दुखत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: सीएमटी आहे, व्हिन्क्रिस्टिन देऊ नये. कॅन्सरच्या या औषधाने अशा रुग्णाचे हातपाय थोड्याच दिवसांत लुळे पडू शकतात.