चालू हप्त्यावर ट्रक घेताय? आधी बोजा किती आणि कुठे अडकलाय ते बघा

"भाऊ, नवीन लोन काढत बसलात तर महिने जातील. ही गाडी चालू हप्त्यावर घ्या. उरलेले हप्ते तुम्ही भरा, बोजा उतरला की गाडी तुमच्या नावावर." धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत जुना ट्रक घ्यायला निघालेल्या माणसाला असं सांगणारा दलाल भेटतोच. घेणारा बहुतेक वेळा आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवलेला ड्रायव्हर असतो, नाहीतर केळी-कपाशीचे पैसे हाताशी आलेला शेतकऱ्याचा मुलगा. पगाराची स्लिप नाही, आयकराचं रिटर्न नाही, बँक उभं करत नाही. हे ओळखूनच त्याला गाठलं जातं.

व्यवहार असा होतो. (आकडे नमुन्याचे आहेत, प्रकार मात्र नेहमीचा.) दहा चाकी गाडी १४ लाखांना ठरते. ५ लाख रोख, बाकी ३८ हजारांचे २४ हप्ते, म्हणजे ९ लाख १२ हजार. हिशेब साधारण जुळतो. ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी होते आणि तीत 'आजपासून गाडीची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची' हे वाक्य हमखास असतं. विकणारा २९ आणि ३० नंबरच्या (गाडीचं नाव बदलायच्या) कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो. आरसीची झेरॉक्स आणि एक चावी मिळते, दुसरी चावी 'घरी राहिली' असते. हप्ता दर महिन्याला विकणाऱ्याच्या फोनवर पाठवायचा, पुढे तो भरणार.

काही महिने गाडी सुरळीत चालते. मग एके दिवशी टोलनाक्यावर नाहीतर ढाब्यावर वसुलीची माणसं गाडी अडवतात आणि ती यार्डात जाऊन लागते. कर्जखात्याचा उतारा घेणाऱ्याला तेव्हा पहिल्यांदा दिसतो. व्यवहाराच्या दिवशीच तीन हप्ते थकलेले होते, म्हणजे १ लाख १४ हजार. मुदत मध्येच वाढवून घेतलेली, त्यामुळे पुढचे हप्ते २४ नाहीत, ३१ आहेत: ११ लाख ७८ हजार. दंड आणि चेक परतल्याचे चार्जेस वेगळे. म्हणजे १४ लाखांची म्हणून घेतलेली गाडी पहिल्याच दिवशी १७ लाख ९२ हजारांच्या पुढे गेलेली होती. वर घेणाऱ्याने पाठवलेले पैसे खात्यात पोचलेच नाहीत.

फायनान्सवाला घेणाऱ्याला दाद देत नाही. त्याचा करार विकणाऱ्याशी आहे, तुमची नोटरी त्याच्यावर बंधनकारक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे, बोजा असलेल्या गाडीचं नाव कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय बदलत नाही. त्यामुळे खिशातल्या कोऱ्या २९-३० चा तोवर काडीचा उपयोग नाही. पुढे बोजा उतरला तरी 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर मोबाईल नंबर विकणाऱ्याचा असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो माणूस तोवर फोन उचलायचा बंद झालेला असतो.

दुसरा एक प्रकार आहे, त्यात प्रामाणिकपणे सगळे हप्ते भरणाराही अडकतो. शेवटचा हप्ता भरून एनओसी मागायला गेलं की शाखेत सांगतात, देता येणार नाही. कारण विकणाऱ्याने त्याच गाडीवर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेतलेलं असतं, किंवा भावाच्या गाडीला तो जामीन असतो आणि ते खातं थकलेलं असतं. अशी खाती एकमेकांशी जोडण्याची अट कर्जाच्या करारात बऱ्याचदा असते. तो करार घेणाऱ्याने कधी बघितलेलाच नसतो. नियमित हप्ते भरणाऱ्या माणसावर हे संकट यावं याचा फार संताप येतो, पण कागदावर फायनान्सवाल्याची बाजू भक्कम असते.

गाडी नावावर नसताना अपघात झाला तर दोघेही गोत्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, तोच भरपाईच्या दाव्यात मालक. म्हणजे नोटरी करून मोकळे झालो असं समजणारा विकणाराही सुटत नाही. घेणाऱ्याचं नुकसान वेगळं. विमा पॉलिसीत त्याचं नाव नाही, त्यामुळे ट्रकच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम त्याला मिळत नाही. परमिटही गाडीबरोबर आपोआप येत नाही. कलम ८२ प्रमाणे ते प्राधिकरणाच्या परवानगीनेच बदलतं.

मग करायचं काय? बयाणा देण्याआधी विकणाऱ्याला घेऊन त्याच्या फायनान्सच्या शाखेत जा. कर्जखात्याचा पूर्ण उतारा आणि फोरक्लोजर लेटर (आज कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील याचं पत्र) त्याला मागायला लावा. लेटरवर खाते क्रमांक, पूर्ण रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागू हे हवं. याच कर्जदाराचं दुसरं कर्ज किंवा जामीनकी या गाडीशी जोडलेली आहे का, हे तिथेच लेखी विचारा. यायला जो टाळाटाळ करतो त्याची गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असो. रक्कम आरटीजीएसने थेट कर्जखात्यात भरा, विकणाऱ्याच्या हातात नको. एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आला की मग २९ च्या दोन प्रती आणि ३०. किमतीतले दीड-दोन लाख नाव लागेपर्यंत मागे ठेवा आणि ही अट सौदापावतीत लिहून घ्या. एवढी रोकड नसेल तर स्वतःच्या नावावर रिफायनान्स करा. नवा फायनान्सवाला जुन्याचं कर्ज थेट फेडतो. व्याज जास्त पडतं, पण गाडी आणि हप्ता दोन्ही तुमच्या नावावर राहतात.

गाडी बघायला जाताना रॉकेलचा बोळा आणि जाडा ब्रश न्या. उजव्या चेसिस पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास चेसिस नंबर ठोकलेला असतो. माती आणि ग्रीस काढून तो घासा. आकडे वर-खाली असतील, एखाद्या आकड्याची खोली वेगळी असेल, आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरने घासल्यासारखा गुळगुळीत असेल किंवा ताजा रंग फक्त तेवढ्याच हातभर जागेत असेल, तर तिथूनच परत फिरा. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, आरसीशी एकेक अक्षर जुळवा आणि उत्पादनाचा महिना-वर्ष कंपनीच्या डीलरकडे विचारा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा. वाफेसारखा धूर जोराने बाहेर मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. आदल्या दिवशी घट्ट ऑइल भरून हा दोष झाकतात, म्हणून गाडी गरम झाल्यावर बघा. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाडीत युरियाची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, टाकी भरलेली दिसते म्हणून निश्चिंत होऊ नका. १०० लिटर डिझेलला साधारण ४-५ लिटर युरिया लागायला हवा. ही यंत्रणा बंद पाडून बायपास मारला असेल तर युरिया लागतच नाही, आणि ते पूर्ववत करायला लाखाच्या घरात खर्च जाऊ शकतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅन करून घ्या.

दलाल 'एनपी (नॅशनल परमिट, देशभर माल न्यायचा परवाना) चालू आहे' म्हणतो तेव्हा गाडीचं वय मोजा. सहा चाकी गाडीला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही, मल्टिॲक्सलला (दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला) १५ नंतर. रावेर-सावद्याहून दिल्लीला केळी न्यायचा विचार असेल तर बीएस-४ गाडीत पैसा घालू नका. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे प्रवेश बंद आहे, आणि बीएस-४ ला दिलेली सवलत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच.

भाड्यातली फसवणूक थोडक्यात. ओळख नसलेला माणूस फोनवर चांगलं भाडं सांगून 'गेटपास'चे दोन-तीन हजार आधी मागतो. लोड मिळत नाहीच, पण तुमच्या आरसी आणि लायसनचे फोटो त्याच्याकडे राहतात. त्याच नंबरची बनावट पाटी लावून दुसऱ्याचा माल पळवला की पोलीस तुमच्या दारात येतात. फोटो द्यावाच लागला तर त्यावर तारीख आणि कोणत्या लोडसाठी हे आडवं लिहून पाठवा.

चालू हप्त्याचा व्यवहार आधीच करून बसला असाल तर पुढचा हप्ता विकणाऱ्याला देऊ नका. कर्जखात्यात स्वतः भरा आणि पावती ठेवा. पाठवलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा उतारा, नोटरी आणि व्हॉट्सॲपचे संदेश एकत्र करा. विकणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस द्या, तिची प्रत फायनान्सच्या शाखेत देऊन पोच घ्या. विकणारा दाद देत नसेल तर गाडी ताब्यात असतानाच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करा. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, विश्वासघाताला ३१६. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, वकील नंतर.