सेन्सरी किटच्या नावाखाली गेलेले ६,९४७ रुपये

मुलांची सेन्सरी (स्पर्श, दाब अशा संवेदनांसाठीची) आणि फिजेट (हात गुंतवून ठेवणारी) खेळणी स्वस्तात देतो असे सांगणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाने माझ्याकडून एकूण ६,९४७ रुपये उकळले. किटचे २,६९९, मांडीवर ठेवायच्या वजनदार उशीचे १,८५०, 'रिटर्न पिकअप'चे ४९९ आणि 'परत मिळणारी अनामत' म्हणून १,८९९ रुपये असे चार वेळा पैसे गेले आणि त्यांतला एक रुपयाही परत आलेला नाही. ही रक्कम मोठी नाही, असे मला पोलीस ठाण्यापासून बँकेपर्यंत प्रत्येकाने ऐकवले आहे. ज्या घरात दर आठवड्याच्या थेरपीचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला बाजूला काढून ठेवावे लागतात, त्या घरासाठी ती मोठी आहे. शिवाय त्या पार्सलमधून आलेल्या वस्तूचा तुकडा माझ्या मुलाच्या तोंडातून मी स्वतःच्या बोटांनी बाहेर काढला आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझा मुलगा सात वर्षांचा असून त्याला ऑटिझम आहे. वर्गात तो शर्टाची कॉलर ओली होईपर्यंत चघळतो आणि हात रिकामे राहिले की बोटांची कातडी सोलतो. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी त्याच्यासाठी चघळायला एक सुरक्षित वस्तू, हातात दाबायला काहीतरी आणि बसताना मांडीवर थोडे वजन, एवढेच सुचवले होते. बाजारात चौकशी केली तेव्हा चांगल्या प्रतीच्या एकेका चघळायच्या नळीला हजार-बाराशे रुपये सांगितले गेले, आणि मूल ती दोन महिन्यांत चावून संपवते. अशा वेळी '३२ वस्तूंचा संपूर्ण सेन्सरी किट, थेरपिस्टनी निवडलेला, ६,९९९ ऐवजी फक्त २,८४९' अशी जाहिरात समोर आली आणि आगाऊ पैसे भरल्यास आणखी १५० रुपये सूट होती. स्वस्ताच्या मोहाला बळी पडले असे कोणी म्हणेल, तर त्यांनी विशेष मुलांच्या वस्तूंच्या किमती एकदा पाहाव्यात. 'स्पेशल' हा शब्द लागला की साध्या रबरी चेंडूचीही किंमत तिप्पट होते, आणि म्हणून पालक रास्त भाव शोधत फिरतात. हे त्या लोकांना पक्के ठाऊक असते.

जाहिरात कशी असते हे सर्वांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. शांतपणे खेळणारे मूल, डोळ्यांत पाणी आलेली आई, पांढऱ्या कोटातली एक व्यक्ती आणि 'आता फक्त ११ किट शिल्लक' अशी पट्टी, एवढे सगळे होते. व्हॉट्सॲपवर मराठीत नीट उत्तरे मिळत होती. समोरच्या बाईने मला 'ताई' म्हणत मुलाचे वय विचारले, तो काय चघळतो ते विचारले आणि स्वतःचाही मुलगा ऑटिस्टिक असल्याचे सांगितले. वजनदार उशी वेगळी घ्यावी लागेल, सात वर्षांच्या मुलाला दोन किलोंची चालेल, असेही तिनेच सुचवले. आज मला त्या बाईचा जितका संताप येतो, तितका पैसे गेल्याचाही येत नाही. आपल्या मुलांविषयी घरच्यांशीही न बोलता येणाऱ्या गोष्टी आपण ज्या विश्वासाने दुसऱ्या आईला सांगतो, त्या विश्वासाचाच तिने धंदा केला.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे, त्याविषयी. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्यापूर्वी समोरच्या खात्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर दिसते. दुकानाच्या नावात 'थेरपी' आणि 'किड्स' हे दोन्ही शब्द होते, आणि माझ्या पडद्यावर आले ते एका पुरुषाचे नाव व त्यापुढे 'मोबाईल अँड ॲक्सेसरीज' असे शब्द. मी ते वाचले. नजरेतून निसटले असे मुळीच झाले नाही. मी ते पूर्ण वाचले, बोट थांबवले आणि त्या बाईला विचारलेसुद्धा. 'ताई, आमच्या मिस्टरांच्या नावावर खाते आहे, घरगुती काम आहे आपले,' असे तिचे उत्तर आले आणि मी पिन टाकला. हे उत्तर मला पटले, याला कारण आहे. विशेष मुलांच्या कितीतरी आया खरोखरच घरून शिवलेल्या वजनदार पिशव्या, लाकडी कोडी, चित्रांची कार्डे विकतात आणि त्यांचे पैसे त्यांच्या किंवा नवऱ्याच्या खात्यावरच जमा होतात. मीही अशा वस्तू पूर्वी घेतल्या आहेत आणि त्या उत्तम निघाल्या आहेत. तरीही घरगुती काम करणारी आई ३२ वस्तूंचा किट देशभर पाठवत नाही, तिच्याकडे मोजून ११ किट शिल्लक असल्याची पट्टी नसते, आणि तिच्या नवऱ्याचे मोबाईलचे दुकान असले तरी वेबसाइटवर तिचा पत्ता असतो. या वेबसाइटवर पत्ताच नव्हता. दुकानाचे नाव आणि खात्याचे नाव जुळत नसेल तर उत्तर कितीही गोड मिळाले तरी पैसे पाठवू नका.

पार्सल आले ते बुटाच्या खोक्याएवढे होते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढला होता, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी 'व्हिडिओ आहे का' हेच आधी विचारले गेले आणि असूनही त्याचा उपयोग झाला नाही. आत रॉकेलसारखा वास मारणारी तीन पॉप-इट (बुडबुडे दाबायची रबरी खेळणी), दोन स्पिनर, दिवा लागणारा एक छोटा चेंडू, एक निळी चघळायची माळ, चुंबकी गोळ्यांची डबी आणि वॉटर बीड्सची पाकिटे होती. ३२ हा आकडा त्यांनी पाकिटे आणि रंगीत कागदी कार्डे धरून भरला होता. दोन किलोंची म्हणून घेतलेली उशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३१० ग्रॅम भरली. उसवून पाहिली तर आत स्पंजचे कातरलेले तुकडे होते.

स्वस्त खेळणी घेणाऱ्या प्रत्येक पालकाने यापुढचे तरी वाचावे. वॉटर बीड्स कोरडे असताना साबुदाण्याच्या दाण्याएवढे असतात आणि पाणी शोषून कित्येक पट फुगतात. मुलाने गिळले तर ते आतड्यात फुगून अडकतात. अमेरिकेत मुलांना झालेल्या अशा इजांनंतर २०२३ मध्ये तिथल्या मोठ्या विक्रेत्यांनी मुलांसाठीचे वॉटर बीड्स विकणे बंद केले. चुंबकी गोळ्या एकाहून अधिक गिळल्या गेल्या तर आतड्याच्या दोन वळणांतून त्या एकमेकींना खेचतात आणि मधली भिंत चिमटून भोक पडू शकते. दिव्याच्या चेंडूतल्या बटन सेलचे (घड्याळात असते तशा चपट्या बॅटरीचे) झाकण मला नखाने उघडता आले. त्याला स्क्रूच नव्हता. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करतो, त्यामुळे मुलाने तो गिळल्याची शंका जरी आली तरी घरी वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा. जी मुले वस्तू तोंडात घालतात म्हणून हा किट विकला जात होता, त्याच मुलांच्या हातात या तीन वस्तू दिल्या जात होत्या.

मी या तिन्ही वस्तू लगेच उचलून ठेवल्या. माळ मात्र मुलाच्या हातात गेली होती. ती 'फूड ग्रेड सिलिकॉन'ची असल्याचे खोक्यावर छापले होते. थोड्या वेळात त्याच्या ओठांवर निळसर रंग दिसला आणि गालात नखाएवढा तुकडा हाताला लागला. चांगले सिलिकॉन दाताने थोड्याच वेळात असे तुटत नाही आणि त्याचा रंगही जात नाही. हा तुकडा मी आजही एका डबीत ठेवला आहे. पुरावा म्हणून तो घ्यायला अजून एकही कार्यालय तयार झालेले नाही.

परत करण्याचा प्रकार थोडक्यात सांगते. 'बिनशर्त सात दिवसांत परत' असे लिहिलेले असूनही आधी पिकअपचे ४९९ रुपये मागितले गेले. मी ते भरल्यावर पार्सल विम्यात असल्याने १,८९९ रुपये अनामत लागतील आणि ते मूळ रकमेसोबत एकत्र परत येतील, असे सांगण्यात आले. ४,५४९ रुपये अडकलेले असताना माणूस ४९९ भरतो आणि ५,०४८ अडकले की १,८९९ही भरतो. हा हिशोब त्यांनी आधीच मांडलेला असतो. पैसे परत मिळवण्यासाठी पैसे मागितले की तिथेच व्यवहार थांबवा आणि त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार झाली तरच ती गोठवता येण्याची शक्यता असते.

यानंतर जे झाले त्याने मला जास्त खचवले. १९३० वर तक्रार नोंदली गेली, पण पहिले पैसे जाऊन बरेच दिवस झाल्याने रक्कम पुढे गेल्याचे सांगण्यात आले. बँकेने लेखी कळवले की पिन तुम्ही स्वतः टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला, सबब बँकेची जबाबदारी नाही. समोरच्या खात्याची केवायसी कोणी केली, मोबाईलच्या दुकानाच्या खात्यावर मुलांच्या किटचे पैसे कसे जमा होतात, या प्रश्नांना उत्तर नाही. पोलीस ठाण्यात मला बराच वेळ बाकावर बसवून ठेवल्यावर साहेबांनी पार्सल पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, वस्तू तर आली ना? मग ही फसवणूक नाही, हा ग्राहकाचा वाद आहे. ग्राहक मंचात जा." दोन किलोंच्या जागी ३१० ग्रॅम देणे आणि खोटे नाव सांगून अनामत उकळणे ही फसवणूक नसेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ कोणासाठी लिहिले आहे, असे मी विचारले. त्यावर एवढ्याशा रकमेसाठी कुठे फेऱ्या मारता, असा सल्ला मिळाला.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोलणारी मुलगी सौजन्याने बोलली, पण दुकानाचा ईमेल बंद असल्याने तक्रार पुढे पाठवायची कुठे, हा तिच्यापुढचाही प्रश्न होता. जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेले हक्क खरे आहेत. पण नोटीस बजावायला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क वेबसाइटवर असायलाच हवा, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी. म्हणजे ज्या माहितीअभावी माझी तक्रार अडते, ती माहिती लपवणे हाच मुळात नियमभंग आहे, आणि तरी पत्ता शोधून काढण्याचे काम माझ्यावरच टाकले जाते. पोलीस आयोगाकडे बोट दाखवतात, आयोगाला पत्ता हवा, पत्ता शोधणे हे पोलिसांचे काम. ज्या समाजमाध्यमावर जाहिरात आली, तिथे तक्रार केल्यावर ती जाहिरात आमच्या मानकांचा भंग करत नाही असे उत्तर आले. पार्सलमध्ये काहीतरी वजन भरून, ट्रॅकिंग क्रमांक लावून पाठवले की फसवणूक हा 'वाद' होतो, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले कळते. रिकामे खोके ते कधीच पाठवत नाहीत.

जे तपासणे सोपे आहे, ते आता लिहिते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. माझ्या पार्सलच्या चित्रात ते चिन्ह होते, पण त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक नव्हता. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते तिथल्या तिथे दिसते. क्रमांक मागितल्यावर विषय बदलणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नका. 'डिलिव्हरीनंतर पैसे' हा पर्याय सुरक्षित समजू नका. डिलिव्हरी बॉय खोके उघडण्याआधीच पैसे घेतो. 'थेरपिस्टनी निवडलेला' असे लिहिले असेल तर त्या थेरपिस्टचे नाव विचारा, आणि काही घेण्याआधी स्वतःच्या थेरपिस्टला वस्तूचा फोटो दाखवा. वजन किती ठेवायचे, किती वेळ ठेवायचे, हेही त्यांनाच ठरवू द्या.

त्या किटमधली जी कामे होती ती आता घरी कमी पैशांत होत आहेत. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी दुहेरी शिवून तीत एक किलो राजमा भरला आहे. शिवण दर आठवड्याला तपासते, कारण सुटलेला दाणाही नाकात जाऊ शकतो. दाबायला आणि मळायला कणकेचा गोळा पुरतो. मोठ्या मुलांसाठी सागरगोटे आणि भोवरा आहेतच. पॉप-इट हवेच असेल तर मी पुण्याच्या तुळशीबागेतल्या बाजारात जाऊन हातात घेते, वास घेते, चिन्ह पाहते आणि बिल मागते. चघळण्याच्या वस्तूवर मात्र पैसे वाचवत नाही. ती थेरपिस्टच्या माहितीतल्या विक्रेत्याकडून एकच घेतली आणि रोज संध्याकाळी दातांच्या खुणा पाहते.

तोच किट, तेच फोटो आणि तीच रडणारी आई आता दुसऱ्या नावाने २,२९९ रुपयांना दिसू लागली आहे. यांच्याकडून कोणी घेतले असेल, तर पार्सलवरचे लेबल फाडून टाकू नका. त्यावर कुरिअरने माल उचलल्याचा पिनकोड असतो आणि मोबाईल क्रमांक बंद झाल्यावरही तो बदलत नाही. लेबलचा फोटो, यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (संदर्भ) क्रमांक आणि खात्यावर दिसलेले नाव राष्ट्रीय सायबर तक्रार पोर्टलवर नोंदवा, रक्कम कितीही लहान असली तरी. पोलीस ठाण्याने हद्दीचे कारण सांगितले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी तो नोंदवता येतो, हे सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.