मेरोपेनेमची सलाईन की सहा महिन्यांच्या गोळ्या?

एमडीआर टीबी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा) निघाला की घरचे हमखास विचारतात, "याच्यावर भारी इंजेक्शन नाही का जी?" आहे. मेरोपेनेम, पेनिसिलिनच्याच बीटा-लॅक्टम कुळातलं. टीबीचा जंतू ब्लासी नावाच्या विकराने हे कूळच निकामी करतो, म्हणून टीबीवर ते कित्येक वर्षं बाद होतं. क्लॅव्युलॅनेट नावाचं औषध त्या विकराला कायमचं जखडतं; 2009 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की ते जोडीला असलं तर मेरोपेनेम प्रतिरोधक जंतूलाही मारतं. पण क्लॅव्युलॅनेट सुटं मिळत नाही. अमॉक्सिसिलिनसोबतची गोळी द्यायची, वर शिरेतून मेरोपेनेम, दिवसातून दोन-तीनदा, तेही महिनोन्‌महिने. यवतमाळच्या झरी-जामणीतल्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, हे लावणार कोण?

दुसरा पर्याय बीपाल्म, म्हणजे बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. सगळ्या गोळ्या, साधारण सहा महिने. भारतात 2024 मध्ये मंजुरी मिळाली. बेडाक्विलिन पहिले 14 दिवस रोज, नंतर आठवड्यातून तीनदा; आशाताईने कॅलेंडरवर गोल केले की भागतं. ईसीजी आणि रक्त तपासायला मात्र मोठ्या दवाखान्याची एसटी धरावीच लागते.

खरा त्रास लिनेझोलिडचा. ऐन कापूस वेचणीत बाई म्हणते, "ताई, पायाले मुंग्या येऊन राहिल्या जी." गोळी परस्पर बंद करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

माझं मत गोळ्यांच्याच बाजूने. मेरोपेनेम राखीव गडी: बेडाक्विलिन, लिनेझोलिड चालेनासं झालं, तर आणि तेही दवाखान्यात भरती करून.