‘बॅक सेशन’ने खाल्ले ९५,५०० रुपये

ऑनलाइन एमएच्या खोट्या प्रवेशात माझे किती गेले, ती रक्कम आधीच सांगून टाकते, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. पंच्याण्णव हजार पाचशे. २,१०० नोंदणीचे, १०,००० सीट धरून ठेवायचे, ४८,५०० पहिल्या वर्षाची फी, २५,००० ‘प्रॅक्टिकम आणि आरसीआय’चे, ६,४०० एलिजिबिलिटीचे, ३,५०० परीक्षा फॉर्मचे. बदल्यात अकरा पीडीएफ आणि एक एनरोलमेंट नंबर, जो विद्यापीठाच्या रजिस्टरात नाहीच.

मी शाळेत शिकवते, चौदा वर्षं झाली. समुपदेशनाकडे वळायचं म्हणून ऑनलाइन एमए सायकॉलॉजी करायचं ठरवलं होतं. ‘घरबसल्या डिग्री हवी होती ना, मग भोगा’ असं म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं. माझ्याच शाळेतल्या एका बाईंनी हीच डिग्री एका मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने केली आहे, रात्री जागून असाइनमेंट लिहून, केंद्रावर जाऊन पेपर देऊन. तेव्हा तो रस्ता खरा होता. मी फक्त उशिरा निघाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जाहीर केलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजीचे नवे प्रवेश ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून बंद. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात हा विषय येतो, त्यामुळे पोषणआहार वगैरेंबरोबर सायकॉलॉजीही गेली. बातमी वाचली आणि पोटात खड्डा पडला. दोन वर्षं ‘या वर्षी नको, पुढच्या वर्षी’ करत बसले होते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात एका एजंटचा फोन. कुठल्या तरी साइटवर मी कधीतरी चौकशीचा फॉर्म भरला होता, तिथून नंबर गेला असणार. स्वतःची ओळख ‘अ‍ॅडमिशन काउन्सेलर’ अशी करून दिली. (काउन्सेलर! हा शब्द आता ऐकवत नाही.) म्हणाला, “मॅडम, बंदी नव्या सेशनला आहे. जानेवारीच्या बॅचमधल्या काही सीट कॅन्सल झाल्यात, त्यात तुम्हाला बसवतो. बॅक सेशन म्हणतात त्याला. शुक्रवारी पोर्टल लॉक होतंय.”

यात मला काही वावगं वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल. वाटलं. पण शिक्षणक्षेत्रात एवढी वर्षं काढल्यावर मागच्या तारखेचे कागद कसे तयार होतात हे माहीत असतं. वाटलं, चालत असेल. माझी चूक म्हणायची तर ही. बाकीची त्याची.

आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो. ९ सप्टेंबर, संध्याकाळ. कर्जाचा फॉर्म मोबाईलवर उघडा, आणि लॅपटॉपवर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचं, म्हणजे डीईबीचं, पोर्टल. तिथे लिहिलेलं होतं की विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी-आयडी काढायचा, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारं सरकारी डिजिटल खातं) आयडीवरून. सप्टेंबर २०२४ पासून तो सक्तीचा आहे. म्हणजे जानेवारी २०२५ च्या बॅचलाही हवाच. मी त्याला फोन केला. अगदी बरोबर प्रश्न विचारला: “माझा डीईबी-आयडी कुठाय?” तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “जुन्या सेशनला लागत नाही मॅडम. लागला तर आम्ही बॅकएंडने काढतो.”

आणि मी लॅपटॉप मिटला.

कुणी मला गुंगवलं नव्हतं, कुणी ओटीपी मागितला नव्हता. उत्तर समोरच्या पडद्यावर होतं आणि ते मी स्वतःच्या हाताने मिटलं, कारण ते मला नको होतं. दहा मिनिटांत ४८,५०० चं कर्ज मंजूर. बारा हप्ते, महिन्याला ४,०४२. पैसे विद्यापीठाच्या खात्यात गेलेच नाहीत, एका एलएलपीच्या, म्हणजे खासगी भागीदारी संस्थेच्या, चालू खात्यात गेले. पावतीवर विद्यापीठाचा लोगो होता, पण फोटोकॉपीची फोटोकॉपी असावी तसा पुसट. खाली गोल शिक्का, तो मात्र चक्क ठसठशीत. मी पावती फाईलला लावली, वर प्लास्टिकचं कव्हरसुद्धा घातलं. फी कुणाच्या नावावर जातेय एवढं एक बघितलं असतं तरी वाचले असते. आणि यूजीसीच्या २०२० च्या नियमांत फ्रँचायझीला मनाईच आहे. ‘आम्ही विद्यापीठाचे ऑथोराइज्ड सेंटर’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे नमस्कार करा.

पुढचे दोन महिने मी चक्क अभ्यास केला, याची लाज जास्त वाटते. मास्लोच्या पिरॅमिडच्या पानावर मधोमध एक पांढरा चौकोन होता. पडद्याचा उजेड वाढवला की त्याखालून दुसऱ्याच विद्यापीठाच्या नावाची अर्धी अक्षरं दिसायची. ते दिसूनही मी पुढचं पान उलटलं. पहिली असाइनमेंट होती लिऑन फेस्टिंगरच्या कॉग्निटिव्ह डिसोनन्सवर, १९५७ मध्ये मांडलेला सिद्धान्त. आपण केलेली गोष्ट आणि आपल्याला माहीत असलेली गोष्ट जुळेनाशी झाली की माणूस माहितीलाच मुरड घालतो, असं मी सुवाच्य अक्षरात आठ पानं लिहिलं. आणि नोव्हेंबरात आणखी २५,००० भरले.

या २५,००० बद्दल तर डोकंच फिरतं. त्याचं आश्वासन होतं: ‘आरसीआय अप्रूव्ड एमए, डिग्री हातात आली की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नाव लावा.’ नीट ऐका. साधं एमए, मग ते ऑनलाइन असो की रेग्युलर, केलं म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, त्या ठरावीक संस्थेतल्या त्या ठरावीक कोर्सला मान्यता दिलेली लागते. तिथे रोज हजर राहून, देखरेखीखाली रुग्ण बघावे लागतात आणि मग परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव येतं. झूमवर ‘प्रॅक्टिकम’, म्हणजे प्रत्यक्ष सराव, होत नाही. माझं तर तेही झालं नाही. दर शनिवारी ‘सर आजारी आहेत’.

फेब्रुवारीत परीक्षा होती. हॉल तिकीट येईना, हा फोन उचलेना. शेवटी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला फोन लावला. तिथल्या बाईंनी नंबर ऐकला आणि थंडपणे म्हणाल्या, “आमच्या नंबरात मध्ये डॅश नसतो.” संपलं. पाच महिन्यांत हा फोन मी एकदाही केला नव्हता. दोन मिनिटं लागली.

इथून खरी शोभा सुरू. पोलीस ठाण्यात साहेबांनी कागद न बघताच सांगितलं, “हा दिवाणी मामला आहे.” सायबरवाल्यांनी सांगितलं, “तुम्ही स्वतः पैसे दिलेत, ओटीपी गेलेला नाही, मग यात सायबर काय?” परत ठाण्यात. आता म्हणे त्यांचं ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे, तक्रार तिकडे करा. मी छापून नेलं होतं: जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ पण लिहून नेलं होतं. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही वकील आहात का?” नाही. शिक्षिका आहे. “मग शिकल्या-सवरलेल्या असून कशा फसलात?” शेजारचा हवालदार हसला. अडीच तास बसवून माझा अर्ज ‘आवक’ला घेतला आणि पोच मागितली तर म्हणे शिक्का मारणारे जेवायला गेलेत.

ज्या सरकारी कार्यालयाकडे दाद मागायची तिथून ईमेलला उत्तर आलं की संबंधित विद्यापीठाकडे संपर्क साधावा. विद्यापीठ म्हणतं तुम्ही आमच्या विद्यार्थिनी नाही, म्हणून तुमची तक्रार आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे मी विद्यार्थिनी नाही हीच तक्रार आणि तेच तक्रार न घेण्याचं कारण! कर्ज कंपनी सगळ्यांत सरळ: पैसे दुकानदाराला पोचले, तुमचा वाद दुकानदाराशी, हप्ता चुकवलात तर सिबिल खराब होईल. त्यांना लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ते दिवस मोजतेय. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा तर पैसे गेल्या-गेल्या करा, तेव्हा रक्कम वाटेत गोठवता येते. मी पाच महिन्यांनी केला, तोवर खात्यात काय उरणार?

घरी नवऱ्याला ७० हजार सांगितले आहेत. उरलेले २५,५०० या लिखाणातून कळतील.

त्याच माणसाकडून फसलेले आणखी तिघे मला सापडलेत, सोमवारी चौघांचा एकत्र अर्ज जाणार आहे. ज्यांनी सप्टेंबर २०२५ नंतर पैसे भरलेत आणि नंबर मात्र जानेवारीचा मिळालाय, त्यांनी परीक्षेची वाट बघू नये. विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर घ्या, एजंटने दिलेला नको, आणि एनरोलमेंट नंबर वाचून दाखवा. चॅट डिलीट करू नका, मी रागाच्या भरात अर्धे केले. माझे अजून पाच हप्ते आहेत.