पॉवर अप: माप जुनंच, शिलाई तपासून बघा

शाळेचे गणवेश शिवून गावोगावी पाठवणाऱ्या सोलापुरात एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवाला अँगस यंग याचं कौतुक जरा जास्तच व्हायला हवं. साठी ओलांडली तरी हा गडी ब्लेझर, टोपी आणि हाफ चड्डी घालूनच स्टेजवर येतो. गणवेशाची कल्पना थोरल्या बहिणीची, मार्गारेटची. बँडचं नावही तिलाच शिलाई मशीनवर सापडलं. आपल्याकडे एसी/डीसी म्हटलं की आधी इन्व्हर्टरवाला आठवतो, तो भाग वेगळा.

गणवेशात नवी फॅशन कुणी मागत नाही. गेल्या वर्षीचीच शेड, तेच माप. बघायची ती शिलाई. 'पॉवर अप'ही असाच ऐकावा. 1973 साली सिडनीत सुरू झालेल्या बँडचा हा अल्बम 13 नोव्हेंबर 2020 ला आला. 12 गाणी, 41 मिनिटं. पुण्याच्या रस्त्याला लागून लावला तर मोहोळच्या आसपास संपतो.

'हे तर सगळं आधीच ऐकलंय' ही तक्रार इथे फिजूल आहे. प्रश्न एवढाच, की माल्कम यंग नसताना तीच शिलाई जमली का? ऱ्हिदम गिटार वाजवणारा हा अँगसचा थोरला भाऊ म्हणजे बँडचा खरा कारभारी. तो 18 नोव्हेंबर 2017 ला गेला. तरी बाराही गाण्यांवर नाव अँगस आणि माल्कम दोघांचं आहे, कारण दोघांनी पूर्वी जमवून ठेवलेल्या रिफ्सवरच, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरच, ही गाणी उभी आहेत. माल्कमच्या जागी पुतण्या स्टीव्ही वाजवतो. कानाच्या त्रासामुळे 2016 मध्ये दौरा सोडावा लागलेला गायक ब्रायन जॉन्सन या अल्बमसाठी परत आला, ड्रमवर फिल रड आणि बेसवर क्लिफ विल्यम्सही.

हेडफोनवर ऐका, दोन्ही कानांत. डावीकडे स्टीव्ही, उजवीकडे अँगस. दोघं एकच रिफ वाजवतायत असं वाटतं, पण नीट कान दिला तर एक कॉर्ड मोकळी वाजू देतो आणि दुसरा तिच्यावर छोटे तुकडे टाकतो. एकाच डब्याच्या ब्लूटूथ स्पीकरवर दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात आणि अल्बम निम्मा होतो. 'सगळी गाणी सारखीच' म्हणणारे बरेचदा अशाच स्पीकरवर ऐकत असतात.

रडचं ड्रमिंग कागदावर पाहिलं तर पहिल्या महिन्यातल्या विद्यार्थ्याचं वाटेल: हाय-हॅटच्या झांजांवर सरळ आठ ठोके, पायाचा किक ड्रम एक आणि तीनवर, हाताचा स्नेअर ड्रम दोन आणि चारवर. अवघड आहे ते काही न वाजवणं. त्याचा स्नेअर केसभर उशिरा पडतो आणि तिथेच मान आपोआप हलायला लागते. यंत्रमागाशेजारी वाढलेल्या कानांना हे समजवायला नको. खटका पुढेमागे झाला की लगेच कळतं.

'रिअलाइझ' आणि 'शॉट इन द डार्क' पहिल्या झटक्यात पकडतात. 'डेमन फायर'मध्ये जॉन्सन आधी खालच्या पट्टीत गुरगुरतो आणि मग वर झेप घेतो. वेगाच्या बाबतीत हे अल्बमातलं सगळ्यात जोरकस गाणं. खरी कमाई मात्र 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम'. चाल गोड, मागे कोरस, आणि गेलेल्या दिवसांची हुरहूर. या बँडकडून इतकं हळवं क्वचितच मिळतं. पुढे 'नो मॅन्स लँड'पासून जोर जरा ओसरतो. 'मनी शॉट'मधला चावटपणा 1979 साली खपला असता, आता नुसता शिळा वाटतो.

दुसरी खोट मिक्सिंगमध्ये. निर्माता ब्रेंडन ओब्रायन, याआधीच्या दोन अल्बमांचाही तोच. आवाज भरदार आहे, पण कॉम्प्रेशन, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक दाबून टाकणं, जास्त. त्यांच्याच 1980 च्या 'बॅक इन ब्लॅक'मध्ये दोन ठोक्यांमधली शांतता ऐकू येते. इथे ती फटच बुजवलीय, त्यामुळे सलग ऐकलं की कान थकतात. आवाज दोन खुणा खाली ठेवा, फरक पडतो.

गिटारवाल्यांसाठी: हा आवाज डिस्टॉर्शन पेडल पिळून येत नाही. नवशिके इथेच फसतात. गेन वाढवला की ओपन कॉर्डच्या तारा एकमेकींत चिकटतात आणि ए, डी, जी सगळं एकच भुरभुर ऐकू येतं. पेडल बाजूला ठेवा. ब्रिज पिकअप, अँपचा गेन 10 पैकी 4, मिड 6-7, बेस 4. जोर उजव्या मनगटातून, आणि मुख्य रिफला शक्यतो डाउनस्ट्रोकच. कॉर्डनंतर तळहात लगेच तारांवर टेकवा. ती शांतता रिफचाच भाग आहे. माल्कम 12 नंबरच्या जाड तारा वापरायचा, पण आपण 10 वर भागवलं तरी चालतं. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं बोटांना लागतात, नेक सरळ होऊन तारा खडखडतात. तेव्हा दोष अँपवर काढू नका. आधी नेक तपासून घ्या.

बॉक्सवाली आवृत्तीही निघाली होती. बटण दाबलं की बँडचं नाव लाल पेटतं आणि 'शॉट इन द डार्क'ची सुरुवात वाजते; चार्जिंगला यूएसबी केबल सोबत. मजा आहे, पण आत गाणी तीच बारा. साधी सीडी घ्या आणि उरलेल्या पैशात बरे हेडफोन.