डिकीतला वॉर्मर: लहान मुलांच्या ऑपरेशनसाठी गरम हवेचं मशीन घ्यावं का?

मी भूलतज्ज्ञ, पण कुठल्या एका हॉस्पिटलची नाही. बेळगावातल्या टिळकवाडीतून सकाळी निघायचं; कधी शहापुरातलं नर्सिंग होम, कधी खानापूर, कधी हायवे धरून संकेश्वर-निपाणी. भुलीचं सामान माझ्याच गाडीत असतं आणि आता त्यात गरम हवेचा वॉर्मरही आलाय. स्वतःच्या खिशातून घेतलाय. एवढे पैसे घालण्यासारखं त्यात काय आहे, असं सहकारी विचारतात, म्हणून हे लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण थोड्या तक्रारीही आहेत. आणि या जातीची सगळी मशिनं चालतात एकाच तत्त्वावर.

आत पंखा, हीटर आणि फिल्टर. बाहेर व्हॅक्यूम क्लीनरला असते तशी जाड नळी. नळीच्या टोकाला कागद-प्लॅस्टिकचं ब्लँकेट लावायचं. ते फुगतं आणि त्याच्या बारीक छिद्रांतून गरम हवा रोग्याभोवती फिरते. माझ्या मशीनवर 32, 38 आणि 43 अंशांची बटणं आहेत. अमेरिकेत 1987 साली बेअर हगर नावाने हा प्रकार बाजारात आला. आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत तो आता रुळलाय, लहान नर्सिंग होममध्ये मात्र अजून ‘बघू पुढे’ चाललंय.

मुलांसाठी याचं एवढं काय? भूल चढली की कातडीच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पोटा-छातीतली ऊब हातापायांकडे वाहून जाते. मोठ्या माणसाचं आतलं तापमान पहिल्या तासाभरात एखाद-दीड अंश उतरतं, ते मुख्यतः यामुळे. तान्ह्या बाळाचं गणित वेगळं. त्याचे हातपायच इवलेसे. वजनाच्या मानाने कातडी भरपूर, डोकं मोठं, कातडीखाली चरबी जेमतेम. त्याची ऊब सरळ खोलीत जाते. नवजात बाळ कुडकुडतही नाही. खांद्यांच्या आणि मानेच्या आसपासची खास चरबी जाळून ते ऊब तयार करतं, आणि आमचे भुलीचे वायू नेमकं तेच थांबवतात. वर सर्जन गार बेटाडिन आणि स्पिरिटने पोट पुसतात. ते उडून जाताना आणखी ऊब घेऊन जातं.

आतलं तापमान 36 अंशांच्या खाली गेलं की आम्ही त्याला थंड पडणं म्हणतो. मग रक्त नीट गोठत नाही, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल लांबतो, मूल जागं व्हायला वेळ घेतं, फार लहान बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. बोटं गार झाली की पल्स ऑक्सिमीटर आकडाच दाखवेनासा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी मला तो हवा असतो. जखम चिघळण्याचाही प्रश्न आहे. मोठ्यांच्या आतड्याच्या ऑपरेशनांवरचा 1996 सालचा एक गाजलेला अभ्यास आहे: गार पडलेल्यांत 19 टक्के जणांची जखम चिघळली, उबदार ठेवलेल्यांत 6 टक्के. तो मुलांचा अभ्यास नाही हे खरं, पण दुर्लक्ष करावं असाही नाही.

आता प्रत्यक्ष वापर. वर पांघरायच्या ब्लँकेटपेक्षा मुलाच्या खाली अंथरायचं ब्लँकेट घ्या. दोन वर्षांच्या पोराचं पोट आणि जांघ सर्जननी घेतली, एक हात सलाईनने घेतला, की वर पांघरायला उरतं काय? खालच्या ब्लँकेटमधून हवा दोन्ही बाजूंनी वर येते, वरून पातळ प्लॅस्टिकची शीट टाकली की ती तिथेच कोंडून राहते. हायपोस्पाडियाससारखं (लघवीचं छिद्र जन्मतः चुकीच्या जागी असणं, ते दुरुस्त करण्याचं) दोन-अडीच तास चालणारं नाजूक काम असलं तरी मुलाचं तापमान जागेवर राहतं. या एका गोष्टीसाठी मी मशीनला पैकीच्या पैकी मार्क देते.

पण वीस मिनिटांच्या हर्नियाला मशीन काढायच्या आधी एसीचा रिमोट शोधा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ऑपरेशन थिएटर मुळातच गार असतं, आणि जुलैत खानापूरला ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) निघालेले ड्रेपसुद्धा, म्हणजे रोग्यावर टाकायची कापडं, दमट लागतात. तरीही एसी अठरावर! कारण सर्जननी गाऊन घातलाय, त्यांना घाम येतोय. मी मूल टेबलावर येण्याआधीच एसी बंद करते. खोली चोवीसच्या वर, आणि अगदी तान्हं बाळ असेल तर सव्वीस. मूल ड्रेपखाली नीट झाकलं गेलं की मग सर्जनसाठी थोडी गार करते. निपाणीचे एक सर्जन म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर गोव्याची हवाच आणलीत की.” आणली. मुलाला मानवली.

दुसरं काम दाराबाहेरचं. उपाशी मूल पातळ गाऊनवर पॅसेजमधल्या बाकावर बसवून ठेवायची पद्धत अजून आहे. हातपाय आधीच गार असले की भूल चढल्यावर तापमान आणखी उतरतं. मी मावशींना सांगून ठेवलंय: स्वेटर, कानटोपी, तान्ह्याची कुंची, काहीही काढायचं नाही, आईच्या मांडीवर वाकळीत राहू दे. झोपलं की मी काढेन.

तक्रारी तीन. आवाज बराच आहे. मुलाच्या श्वासाकडे कान लावून बसायची सवय असलेल्या माणसाला तो खटकतो. लाईट गेली आणि जनरेटर चालू झाला, की मशीन आपणहून सुरू होत नाही, बटण पुन्हा दाबावं लागतं. आमच्या वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या मेहरबानीने याची सवय झालीय, पण नवख्या स्टाफला सांगून ठेवा. तिसरी तक्रार ब्लँकेटची. मशीन एकदा घेतलं की झालं, ब्लँकेट मात्र एका रोग्याला एकच, आणि हा खर्च बिलात कुठे घालायचा यावर प्रत्येक मालकाशी वाद.

म्हणून काही ठिकाणी ब्लँकेट न लावता नुसती नळी चादरीखाली सरकवतात. हे कधीही करू नका. एकाच जागी गरम झोत बसून कातडी भाजते, आणि भूल दिलेलं मूल ओरडणार नाही. ग्लोव्हमध्ये गरम पाणी भरून काखेत ठेवायची जुनी युक्तीही याच कारणासाठी मी बंद केलीय.

एका ऑर्थोपेडिक सर्जननी विचारलं, या वाऱ्याने जंतू उडून जखमेत जात नाहीत का? प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे बेअर हगर ज्यांनी काढला, ते डॉ. स्कॉट ऑगस्टीनच पुढे कंपनीतून बाहेर पडून ही शंका घेऊ लागले, आणि तोवर त्यांचं स्वतःचं वेगळं उपकरणही बाजारात होतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) उपलब्ध माहिती तपासून ऑगस्ट 2017 मध्ये डॉक्टरांना पत्र पाठवलं: असा ठाम संबंध दिसत नाही, गरज असेल तिथे वापरत राहा. फिल्टर वेळेवर बदला आणि ड्रेप नीट लावल्याशिवाय हवा सोडू नका, एवढं मी पाळते.

आता पैशांचं. हातात एकाच वस्तूचे पैसे असतील तर आधी मॉनिटरचा टेम्परेचर प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, घ्या, मशीन नंतर. कपाळाला हात लावून आतलं तापमान कळत नाही. नाकातून किंवा अन्ननलिकेत प्रोब सोडता येतो. छोट्या केसला काखेत नीट दाबून बसवला तरी चालतो. आणि प्रोबशिवाय वॉर्मर लावणं उलट धोक्याचं. लहान मूल जितक्या लवकर गार पडतं तितक्याच लवकर तापतंही. सगळं झाकलेलं, 43 वर मशीन, तासाभरात आकडा 38 च्या पुढे. साडेछत्तीस आलं की मी 38 च्या बटणावर येते, सदतीस ओलांडलं की मशीन बंद.

कुणी घ्यावं? आठवड्यातून एखादी का होईना, पण तासाभरावर चालणारी मुलांची केस करणाऱ्या नर्सिंग होमने घ्यावं, म्हणजे मला डिकीतून वाहून आणावं लागणार नाही. फक्त सुंता, हर्निया, हायड्रोसील एवढंच करत असाल तर प्रोब, प्लॅस्टिक शीट, कापसाचा रोल आणि एसीवर ताबा यात काम भागतं.

घेणारच असाल तर किमतीची घासाघीस करण्याआधी डीलरला एवढंच विचारा, मुलांच्या साइजची ब्लँकेट कायम स्टॉकला असतात का. माझ्या डीलरकडे मोठ्यांची ढीगभर असतात. मुलांची मागितली की हुबळीहून येणार म्हणतो, आणि तोवर केसची तारीख निघून गेलेली असते. मी आता एक पेटी आगाऊच घेऊन ठेवते.